स्वतःच्या लेकीच्या पालकत्वासाठी अर्ज

२०२४च्या जून महिन्यात, मृगाचा पाऊस नुकताच लागला असताना, आमच्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी बँकेच्या खिडकीपाशी उभी असताना मला कळले, की कायद्याच्या दृष्टीने मी आता तिची पालक राहिलेली नाही. त्या दिवसापासून पालकत्वाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत जे घडले ते मी येथे क्रमाने लिहिते आहे. माझ्यासारख्या आईबापांना हा विषय बहुधा माझ्यासारखाच, म्हणजे उशिरा आणि खिडकीपाशी उभे असतानाच, कळत असावा असे मला वाटते.

घरी आम्ही तिला बाय म्हणतो. देवगड तालुक्यात आमचे गाव आहे. यजमान हापूसची बाग पाहतात आणि मी १९९९पासून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बाय तिसाव्या आठवड्यात जन्मली आणि तेव्हा तिचे वजन सव्वा किलोही भरले नव्हते. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असल्याचे निदान दीड वर्षाची असताना झाले, आणि त्याबरोबर बौद्धिक अक्षमताही आहे हे पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी स्पष्ट झाले. ती आधाराने बसते, चालत नाही, बोलण्यात मोजके पाच-सहा शब्द आहेत, आणि अंगणात येणारी मोटारसायकल कोणाची हे आमच्या आधी तिला आवाजावरून कळते.

बँकेत गेले होते ते एका मुदतठेवीसाठी. सासूबाईंनी बायच्या नावाने ठेवलेले पैसे मुदत संपून तिच्या बचत खात्यात जमा झाले होते आणि तिच्या पाठीला नीट आधार देणारी नवी खुर्ची व पायांना आधारासाठी बांधायची नवी स्प्लिंट घ्यायची होती, कारण वाढत्या मुलाचे स्प्लिंट हे वाढत्या मुलाच्या चपलेसारखेच आखूड होत राहते. खाते अज्ञान मुलीचे आणि व्यवहार माझ्या सहीने, असे ते आजवर चालले होते. खिडकीतल्या मुलीने संगणकावर पाहिले आणि अगदी सौजन्याने सांगितले, "मॅडम, आता ती सज्ञान झाली. आता तुमची सही चालणार नाही, तिचीच लागेल."

दोन दिवसांनी मी बायला घेऊन गेले. सही शक्यच नव्हती, म्हणून अंगठा घ्यायचे ठरले. बायच्या उजव्या हाताची मूठ कायम मिटलेली असते आणि अंगठा आत दुमडलेला असतो. ती मूठ जोराने उघडायला गेले, तर ती अधिकच घट्ट मिटते. ती चार वर्षांची असताना एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एक युक्ती शिकवली होती, ती अशी, की बोटांशी झटापट करायचीच नाही. मनगट हळूच तळव्याच्या बाजूला खाली वाकवायचे, म्हणजे बोटांचे ताणलेले स्नायू सैल पडतात आणि मूठ आपोआप सुटते. रांगेतले लोक पाहत असताना मी तसे केले, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि फॉर्मवर ठसा उमटवला. ठसा चांगला स्पष्ट आला होता. मग शाखाधिकारी बाहेर आले, बायकडे वाकून त्यांनी विचारले, "तुझ्या खात्यात किती पैसे आहेत, माहीत आहे का?" बाय छताच्या पंख्याकडे बघून हसली. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि मला सांगितले, की तिला व्यवहार समजत नाही, म्हणून तिचा अंगठा चालणार नाही. ती सज्ञान आहे, म्हणून माझी सही चालणार नाही. तेव्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश आणावा लागेल.

त्या शाखाधिकाऱ्यांचे निम्मे म्हणणे बरोबर होते. आपल्याकडे १८७५च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते, आणि नैसर्गिक पालक म्हणून आईवडिलांना असलेले अधिकार तेथेच संपतात; मूल स्वतःचे निर्णय घेऊ शकते की नाही, याची त्यात अट नाही. चुकत होते ते पुढचे निम्मे. पण ते चुकत आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हते. मी एका वकिलांकडे गेले, त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला, तारखांचा अंदाज सांगितला, आणि मी विचार करून कळवते म्हणून परत आले.

खरे सांगायचे तर विचार कसला, मला राग आला होता. अठरा वर्षे मी या मुलीचे कागद करते आहे. पाच वर्षांपर्यंतचे दिव्यांगत्वाचे तात्पुरते प्रमाणपत्र, मग नवे प्रमाणपत्र, मग ऑनलाइन नोंदणी करून काढलेले स्वावलंबन कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, पंधराव्या वर्षी आधारच्या बोटांच्या ठशांचे अद्ययावतीकरण, आणि पुन्हा अठराव्या वर्षी नव्याने तपासणी. आधारच्या वेळी केंद्रावरच्या मुलाने तिची बोटे यंत्रावर दाबून पाहिली आणि ती रडू लागली, तेव्हा ज्यांचे ठसे घेता येत नाहीत अशांसाठी वेगळी सोय आहे, हे मला त्याला सांगावे लागले होते. प्रमाणपत्रासाठी मानसशास्त्रज्ञ जी प्रश्नावली घेतात तिच्यात मूल स्वतः जेवते का, बटणे लावते का, एकटे शेजारी जाते का, पैसे हाताळते का, असे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे आई म्हणून प्रामाणिकपणे द्यायची असतात आणि प्रत्येक "नाही"बरोबर दिव्यांगत्वाचे टक्के वाढत असतात. टक्के वाढावेत अशीही मनात इच्छा असते, कारण चाळीस टक्क्यांच्या पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मधले बहुतेक लाभ सुरू होतात, ऐंशीच्या पुढे आयकरातील वजावट पंचाहत्तर हजारांवरून सव्वा लाखावर जाते, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. आपल्या मुलीला काय काय येत नाही, हे परक्या माणसापुढे नीट मुद्देसूद सांगायचे आणि ते त्यांनी मान्य केले म्हणून सुटल्यासारखे वाटून घरी यायचे, या सवयीचे मला आता काही वाटत नाही. पण पहिल्या वेळी ओरोसहून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, परतताना कसालपर्यंत मी यजमानांशी एक शब्दही बोलले नव्हते.

मार्ग सापडला तो फिजिओथेरपीच्या बाकावर. आठवड्यातून एकदा आम्ही कणकवलीला व्यायामासाठी जातो. मुलांना आत नेले, की पाऊण तास बाहेरच्या बाकावर बहुतेक आयाच बसलेल्या असतात. कोणाच्या तरी पिशवीत उकडलेल्या शेंगा असतात, कोणाला तरी बसची घाई असते, आणि त्या पाऊण तासात जे ज्ञान मिळते ते मला गेल्या अठरा वर्षांत एकाही पत्रकातून मिळालेले नाही. निरामय विम्याचे नाव मी प्रथम तेथेच ऐकले होते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाही, आणि मुख्य म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या नियमित थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत देते. आम्ही पहिल्या वर्षी ५०० रुपये भरून नाव नोंदवले होते. नूतनीकरण मात्र दर वर्षी लक्षात ठेवून करावे लागते. एका वर्षी ते राहिले आणि नेमका त्याच वर्षी बायला फिट येऊन चार दिवस दाखल करावे लागले.

बँकेतला प्रकार मी त्या बाकावर सांगितला, तेव्हा कुडाळकडच्या एका बाईंनी माझे बोलणे मध्येच तोडले. "बाई, कोर्टात कित्याक जातास? कलेक्टरांच्या समितीकडे जावा." त्यांचा मुलगा बायपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले आहे आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी एक प्लॅस्टिकचे फोल्डर आणले, त्यात त्यांनी भरलेल्या अर्जाच्या, संमतिपत्रांच्या आणि मिळालेल्या प्रमाणपत्राच्या प्रती ओळीने लावलेल्या होत्या. पंचवीस वर्षे कागदपत्रांत घालवलेली मी शिक्षिका, आणि मी ते फोल्डर वर्गातल्या मुलीसारखी मांडीवर घेऊन वाचत बसले.

त्यातून मला जे समजले ते असे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. या कायद्याच्या तेराव्या कलमाने जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघे असतात, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हावी अशी तरतूद आहे. चौदाव्या कलमाखाली आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. समितीने दिलेले प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेनेही बँकांना कळवलेले आहे. वकील लागत नाही. न्यायालयात जावे लागत नाही.

यजमान आणि मी मिळून सप्टेंबरात अर्ज केला. विहित नमुन्यातला अर्ज, बायचे स्वावलंबन कार्ड आणि प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, तिघांची आधार कार्डे, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, आणि आम्हा दोघांची संमती, असा तो गठ्ठा होता. आमच्याकडे मोठ्या मुलाचेही ना-हरकत पत्र मागण्यात आले. तो मुंबईला नोकरी करतो आणि गणपतीला घरी आला होता, म्हणून ते सोपे झाले; नाहीतर चाकरमान्याची सही मिळवायला आमच्याकडे शिमगाच उजाडतो. सही करताना त्याने विचारले, "तुमच्यानंतर हे आपोआप माझ्याकडे येईल ना?" आम्हा दोघांनाही तसेच वाटत होते. तसे होत नाही, हे समितीवरच्या संस्थेच्या बाईंनी नंतर सांगितले. आमच्या पश्चात त्याला याच समितीकडे नव्याने अर्ज करावा लागेल. त्या रात्री यजमानांनी सगळ्या कागदांचा आणखी एक संच करायला सांगितले आणि त्यावर मुलाचे नाव घालून तो देवघराखालच्या खणात ठेवला.

ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या बाई घरी येऊन गेल्या. त्यांनी बायची खोली पाहिली, न्हाणीघरात बसवलेला आधाराचा दांडा पाहिला, ती कोणाबरोबर झोपते आणि मी शाळेत असताना तिच्याजवळ कोण असते हे विचारले. शेजारच्या घरी जाऊनही त्या बोलून आल्या, हे मला नंतर कळले आणि क्षणभर लागले. मग वाटले, की ज्या घरात असे मूल कोंडून ठेवलेले असेल त्या घरातही आईबाप अर्जावर "आम्ही तिची उत्तम काळजी घेतो" असेच लिहितील, तेव्हा त्यांनी शेजारी विचारलेच पाहिजे.

पुढची बैठक विधानसभेच्या निवडणुकीनंतर लागणार होती, आणि त्या निवडणुकीने आमच्या प्रकरणात भलतीच भर घातली. बाय १ जुलैच्या आधी अठरा वर्षांची झालेली असल्यामुळे मतदार यादीत तिचे नाव घालण्यासाठी आमच्या गावचे बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचे काम पाहणारे केंद्रस्तरीय अधिकारी, स्वतःहून घरी आले होते. ते माझेच सहकारी शिक्षक. मी म्हटले, "सर, तिला काय कळणार?" ते म्हणाले, "मॅडम, कोर्टाने तिला असमर्थ ठरवले आहे का? नाही ना? मग तिचा हक्क आहे." दिव्यांगांसाठी घरून मतदान करण्याची सोय होती, पण यजमान म्हणाले, केंद्र तुझ्याच शाळेत आहे, नेऊया. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही तिला खुर्चीवरून नेले. मतदान तिने केले की मी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला देता येणार नाही, आणि सोबत्याने गुप्तता पाळायची असते म्हणून अधिक लिहीतही नाही. पण शाई लावायच्या वेळी अधिकाऱ्यांनी तिचा डावा हात मागितला, आणि मी पुन्हा तिचे मनगट खाली वाकवले, तर्जनी सुटी झाली, रेघ ओढली गेली. ज्या हाताचा ठसा बँकेत चालला नव्हता, त्याच्याच जोडीच्या हातावर ही शाई होती. बायला ती रेघ फार आवडली आणि दोन दिवस ती बोट तोंडात घालत राहिली.

बैठक डिसेंबरात झाली. आम्ही गाडी ठरवून निघालो, नांदगाव तिठ्यावर महामार्गाला लागलो आणि अकराच्या आधी ओरोसला पोहोचलो. कागद आधीच तपासलेले होते, त्यामुळे प्रश्न थोडे होते. खर्च कोण करते, घरात आणखी कोण आहे, बागेत तिचा हिस्सा आहे का. मग समितीतले जे दिव्यांग सदस्य होते, कुबड्या घेऊन चालणारे साधारण पन्नाशीचे गृहस्थ, त्यांनी मला विचारले, "तिला एखादी गोष्ट नको असेल तर ती कसे सांगते?"

मला उत्तर माहीत होते, पण ते शब्दांत कधी मांडलेले नव्हते. मी सांगितले, की ती मान डावीकडे वळवते आणि डोळे मिटून घेते. भूक नसेल तरी तसेच करते, परका माणूस उचलायला आला तरी तसेच करते. ते म्हणाले, "हे लिहून ठेवा. तुम्ही नसताना ज्याला तिला सांभाळायचे आहे त्याला हे माहीत असले पाहिजे." नंतर मी २०१६चा कायदा वाचला, तेव्हा त्याच्या चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्वाची कल्पना आढळली. पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, परस्परविश्वासाने, मिळून निर्णय घ्यावा, असे ते कलम म्हणते. आमचे प्रमाणपत्र जुन्या कायद्याखालचे आहे. तरी तो प्रश्न या नव्या कलमातूनच आला असावा असे मला वाटते. घरी येऊन मी एका शंभर पानी वहीत पहिली नोंद तीच केली.

प्रमाणपत्र हाती आल्यावर मी ते घेऊन बँकेत गेले. शाखाधिकारी बदललेले होते. नव्या बाईंनी कागद वाचला, प्रत ठेवून घेतली, आणि अर्ध्या तासात काम झाले. एवढ्याशा अर्ध्या तासासाठी पाच महिने गेले होते. दुसरी प्रत मी माझ्या सेवापुस्तकाला जोडायला दिली, आणि हे सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मनातही नव्हते. तेही त्या बाकावरच्याच एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सुचवले, जे नातवाला घेऊन येतात. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, पण त्यासाठी अपत्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदीवर असावे लागते, आणि पैसे स्वीकारायला पालक लागतो. मी नोव्हेंबर २००५च्या आधी सेवेत आले असल्याने जुनी योजना मला लागू आहे. अठरा वर्षांत सेवापुस्तकाच्या कुटुंबाच्या पानावर बायच्या नावापुढे "मुलगी" एवढेच लिहिलेले होते. ज्या शिक्षक मित्रमैत्रिणींच्या घरी असे मूल आहे, त्यांनी आपले ते पान एकदा उघडून पाहावे.

आता राहिले राष्ट्रीय न्यास अधिनियमाचे सोळावे कलम. पालक म्हणून नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिची स्थावर मालमत्ता, तिच्याकडे असलेले व येणे असलेले सर्व काही आणि तिचे देणे, याची यादी द्यायची, आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो अविश्वास वाटला होता. स्वतःच्या मुलीच्या पैशाचा हिशेब मी सरकारला का द्यावा, असे मी यजमानांना म्हटलेसुद्धा. त्यावर ते एवढेच म्हणाले, की ते पैसे तुझे नाहीत.

२०२५च्या मे महिन्यात, पाऊस वेळेआधीच येऊन उरलेला आंबा खराब करत असताना, आम्ही दोघे ती यादी करायला बसलो. बचत खाते, खुर्ची व स्प्लिंट घेऊन उरलेली रक्कम, सासूबाईंनी बारशाला घातलेल्या चांदीच्या बिंदल्या, खुर्ची स्वतः. देणे काही नाही. मग यजमान थांबले आणि म्हणाले, "आईने विहिरीकडची आंब्याची दोन कलमे बायची म्हणून सांगितली होती." ती दोन कलमे सगळ्या घराला बायची कलमे म्हणूनच ठाऊक आहेत, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, झाडे जमिनीपासून वेगळी करता येत नाहीत, आणि तोंडी शब्दाला यादीत रकाना नाही. मी संस्थेच्या बाईंना दूरध्वनी करून विचारले. त्या म्हणाल्या, झाडे लिहू नका, पण त्यांच्या फळांचे पैसे तुम्ही तिच्या खात्यात भरलेत तर ते हिशेबात येतील.

त्या हंगामात त्या दोन कलमांना अकरा पेट्या आंबा झाला होता. यजमानांनी वहीतून दर काढला, पुठ्ठ्याचे आणि वाहतुकीचे पैसे वजा केले, तोडणीची मजुरी वजा करायची की नाही यावर आमचे थोडे बोलणे झाले, ती अखेर वजा केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ती रक्कम बायच्या खात्यात भरून पावती वहीत लावली.